साडेअठरा तास: पोम्पेईवर थर कसे चढले

पोम्पेई क्षणार्धात गाडलं गेलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. भट्टीत करपलेले पाव, साखळीला बांधलेला कुत्रा, धावता धावता कोसळलेली माणसं. अख्खं शहर जागच्या जागी थिजलं, असं चित्र मनात पक्कं बसलेलं असतं. ते चित्र चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का याचा पुरावा पोम्पेईच्या जमिनीतच आहे.

शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून उकरलेला नाही. त्या भागाची कड जिथे उभी कापलेली आहे तिथे थर स्पष्ट दिसतात. तळाशी पांढुरके हलके दगड, त्यांच्यावर तसेच पण करडे, आणि त्यांच्यावर बारीक राखेचे घट्ट पट्टे. १९८२ साली हाराल्दूर सिगुर्डसन या आइसलंडच्या भूवैज्ञानिकाने आपल्या सहकाऱ्यांसोबत ठिकठिकाणचे हे थर मोजून एकमेकांशी जुळवले, तो उद्रेक स्वतः पाहिलेल्या धाकट्या प्लिनीच्या पत्रांशी ताडून पाहिले आणि इसवी सन ७९ मधल्या त्या दोन दिवसांचं वेळापत्रक मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातल्या वेळा थोड्या मागेपुढे सरकवल्या, पण घटनांचा मुख्य क्रम टिकून राहिला.

त्या हिशेबाने पहिला दगड पडल्यापासून शहरावर शेवटचा घाला येईपर्यंत साधारण साडेअठरा तास गेले. एवढ्या वेळात माणूस पायी चालत पुष्कळ दूर जाऊ शकतो. म्हणून या घटनेकडे तासातासाने पाहायला हवं असं मला वाटतं. "क्षणार्धात" म्हटलं की त्या माणसांनी काय पाहिलं, काय ठरवलं, कशाची वाट पाहिली, हे सगळंच पुसलं जातं.

हजारो वर्षं आधी

पोम्पेई शहर वसलं होतं तेच मुळी जुन्या, थिजलेल्या लाव्हाच्या उंचवट्यावर. त्याच्या रस्त्यांवर लाव्हाच्या काळ्या फरशा होत्या. गाड्यांच्या चाकांनी त्यांत पडलेल्या चाकोऱ्या आजही दिसतात. कित्येक घरांना नोचेराचा करडा टफ वापरलेला होता. टफ म्हणजे दाबून घट्ट झालेली ज्वालामुखीची राख. हा विशिष्ट टफ आला होता कांपी फ्लेग्रेई या जवळच्याच दुसऱ्या ज्वालामुखीच्या ३९,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातून. म्हणजे पोम्पेईकर लाव्हावर चालत होते आणि राखेच्या भिंतींत झोपत होते.

पोम्पेई गाडणारा व्हेसुव्हियस हा थराथरांनी चढलेला डोंगर आहे. एका काळात त्यातून लाव्हा वाहिला आणि उतारांवर थिजून कातळ झाला. दुसऱ्या काळात स्फोट होऊन राख आणि दगड पडले. त्यावर पुन्हा लाव्हा. लाव्हाचे थर डोंगराला बळकटी देतात, राखेचे थर त्याला उंची आणि उतार देतात. अशा डोंगराला भूगोलाच्या पुस्तकात स्तरित ज्वालामुखी म्हणतात.

आपल्याला थरांचे डोंगर नवे नाहीत. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्याही लाव्हाच्याच. पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरत गेला. त्यातले वायू सहज निसटत होते. व्हेसुव्हियसच्या पोटातला शिलारस शतकानुशतकं एका जागी साचून राहिला की चिकट होत जातो. वर बूच घट्ट असतं, आत पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेल्या अवस्थेत कोंडलेले असतात. डोंगर लाव्हा ओकणार की राख, हे या चिकटपणावर आणि कोंडलेल्या वायूवर ठरतं. ज्वालामुखी जितका जास्त काळ गप्प, तितकी राखेची शक्यता अधिक.

इसवी सन ७९ च्या आधी तो फार काळ गप्प होता. इसवी सनपूर्व ७३ मध्ये बंडखोर गुलाम स्पार्टाकस आणि त्याचे साथीदार याच डोंगरावर आश्रयाला गेले होते. स्ट्राबो या भूगोलकाराने माथ्यावरचे भाजल्यासारखे दगड पाहून इथे कधीकाळी आग असावी असा तर्क केला होता. बाकी लोकांसाठी तो द्राक्षमळ्यांचा डोंगर होता. जवळपास चार हजार वर्षांपूर्वी त्याने याच तऱ्हेने नोलाजवळचं कांस्ययुगीन गाव गाडलं होतं. ते गाव २००१ साली सापडलं. पोम्पेईच्या काळात त्याची आठवण कुणाला असणं शक्य नव्हतं. थर होता, पण तो वाचणारं कुणी नव्हतं.

१७ वर्षं आधी

५ फेब्रुवारी ६२ रोजी मोठा भूकंप झाला. काही अभ्यासक हे साल ६३ धरतात. देवळं पडली, पाण्याचे नळ फुटले. कायकिलियस युकुंदुस नावाच्या सावकाराने आपल्या देव्हाऱ्यावर त्या पडझडीचं शिल्पच कोरून घेतलं. सतरा वर्षांनंतरही शहरात दुरुस्तीची कामं चालूच होती. शेवटच्या दिवसांतही धक्के बसत होते. पण त्या मुलखात धक्के नेहमीचेच, म्हणून लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही असं प्लिनी लिहितो.

सकाळ

तारखेबद्दल वाद आहे. प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांत २४ ऑगस्ट येतो. २०१८ मध्ये पोम्पेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला, त्यात १७ ऑक्टोबरला जुळणारी तारीख आहे. कोळशाचं लिखाण वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून उद्रेक ऑक्टोबरच्या शेवटी झाला असं बरेच जण मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी, मोठ्या उद्रेकाच्या काही तास आधी, डोंगरात एक छोटा स्फोट झाला. वर चढणाऱ्या शिलारसाची गाठ जमिनीतल्या पाण्याशी पडली असावी. त्याची बारीक करडी राख डोंगराच्या पूर्वेकडे पातळ पसरली. सगळ्या थरांच्या तळाशी असलेला हा थर इतका किरकोळ आहे की घाईत नजरेतून सुटतो. पायथ्याच्या लोकांना मात्र तो कळला असणार. डोंगराखालच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या स्त्रीचा मदतीचा निरोप घेऊन माणूस खाडीपलीकडे मिसेनुमच्या आरमारी तळावर पोचला तो दुपारी. काही अभ्यासकांना त्यावरून वाटतं की तो निघाला या सकाळच्या स्फोटानंतर लगेचच.

दुपारी १: साडेअठरा तास शिल्लक

बूच उडालं.

ज्वारीचा दाणा तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याची लाही फुटते. शिलारसाचं तसंच झालं. वरचा दाब हटताच त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन बाहेर पडू लागले, शिलारस फुगला, फुटला आणि क्षणात थिजून हलका, सच्छिद्र दगड झाला. हाच प्युमिस, टाचा घासायला बाजारात मिळतो तो. पाण्यावर तरंगतो इतका हलका. असे असंख्य तुकडे, बारीक राख आणि तापलेले वायू यांचा खांब डोंगरातून सरळ वर चढला. भोवतालची हवा तो आत ओढून घेत होता, तापवत होता, आणि त्या तापलेल्या हवेच्या जोरावर आणखी वर जात होता. थरांमधल्या दगडांच्या आकारावरून केलेला हिशेब सांगतो की पांढऱ्या प्युमिसच्या टप्प्याअखेर खांबाची उंची सुमारे २६ किलोमीटर झाली होती. आपली विमानं उडतात त्याच्या दुपटीहून जास्त.

सुमारे ३० किलोमीटरवरच्या मिसेनुमहून सतरा वर्षांच्या प्लिनीने आणि त्याच्या आईने तो ढग पाहिला. त्याने त्याला छत्रीसारख्या पाइन वृक्षाची उपमा दिली: लांब खोड आणि वर पसरलेल्या फांद्या. पुढे सुमारे २५ वर्षांनी इतिहासकार टॅसिटस याच्या विनंतीवरून त्याने हे लिहून पाठवलं. त्याचं वर्णन इतकं नेमकं आहे की अशा उद्रेकांना आजही प्लिनियन म्हणतात.

त्याचा मामा, थोरला प्लिनी, मिसेनुमच्या आरमाराचा प्रमुख होता. सदतीस खंडांचा निसर्गकोश त्याच्या नावावर होता. ढग जवळून पाहावा म्हणून त्याने आधी हलकी नाव मागवली. रेक्टिनाचा निरोप आला तेव्हा बेत बदलला आणि माणसं वाचवायला मोठी जहाजं पाण्यात काढली. भाच्याला सोबत येतोस का विचारलं. भाचा अभ्यासाला बसला.

दुपारी ३: साडेसोळा तास

वारा आग्नेयेकडे वाहत होता. पोम्पेई डोंगराच्या आग्नेयेला, तोंडापासून जेमतेम दहा किलोमीटर. पश्चिमेला सात किलोमीटरवर असलेल्या हर्क्युलेनियममध्ये या वेळी राखेचा नुसता शिडकावा होता. केवळ वाऱ्याची दिशा, एवढाच दोन गावांमधला फरक.

पोम्पेईत दर तासाला दहा ते पंधरा सेंटिमीटर प्युमिस साचत होता. वरून पडणारा थर आणि जमिनीलगत वाहत येणारा थर यांतला भेद इथे लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वरून पडणारा प्युमिस पावसासारखा सगळीकडे सारखा पडतो: छपरावर, अंगणात, रस्त्यावर, कुंपणावर. त्याची जाडी सगळीकडे जवळपास तितकीच, आणि एका पातळीवरचे दगड साधारण एकाच आकाराचे. वाहत येणारा लोट सखल जागा भरतो, उंच भिंतीला आपटतो, आडोशाला साचतो, आणि त्याच्या थरात वाळूच्या टेकड्यांसारखे तिरके पट्टे पडतात. पोम्पेईच्या थरांचं वाचन या फरकावर उभं आहे.

या वेळी तरी शहरातून बाहेर पडणं शक्य होतं. प्युमिस घोट्यापर्यंत, दुपारीच अंधार, वरून हलक्या दगडांचा मारा. मधूनमधून डोंगराच्या जुन्या खडकाचे जड तुकडेही कोसळत, ते जीवघेणे. तरीही लोक निघाले असणार, बहुसंख्य निघाले असणार. शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या वर धरली जाते, आणि उकरलेल्या दोन तृतीयांश भागात मृतांची संख्या हजाराच्या थोडी पुढे जाते. काही जण नंतर वाटेतही मेले. पण मागे राहिलेल्यांना मूर्ख ठरवू नये. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाया, मालकाच्या हुकमाशिवाय दार न ओलांडू शकणारे गुलाम. आणि "हे थांबेल" असं वाटणारे. भूकंप थांबला होता, तेव्हा हेही थांबेल.

संध्याकाळी ६: साडेतेरा तास

छपरं कोसळू लागली.

प्युमिस हलका खरा, पण अर्धा मीटर जाडीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला दोन-अडीचशे किलोंचा भार. कौलं आणि लाकडी वासे तेवढं पेलू शकले नाहीत. घरात थांबलेल्यांवर घरच आलं. एका अभ्यासात मोजलेल्या १,०४४ मृतांपैकी ३९४ जण या प्युमिसच्या थरात सापडले, आणि त्यांतले बहुतेक घरांच्या आत. पोम्पेईतलं एक तृतीयांशाहून अधिक मरण असं संथपणे, वजनाने आलेलं आहे.

हेल्ले आणि फ्रिक्सस यांच्या चित्रावरून ज्याचं नाव पडलं त्या घरात चार जण सापडले, एक लहान मूल धरून. पोम्पेईच्या घरांच्या मधल्या चौकाला वर उघडं छिद्र असतं, पावसाचं पाणी आत घ्यायला. त्यातून आता दगड कोसळत होते. या माणसांनी खोलीच्या दाराला पलंग आडवा लावला होता. आपल्याकडे चौकाचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही खोली आणि तो पलंग लगेच डोळ्यांपुढे येईल.

थोरल्या प्लिनीची जहाजं तोवर डोंगराखालच्या किनाऱ्याला लागू शकली नव्हती. उथळ झालेलं पाणी आणि कड्यावरून आलेला ढिगारा आडवा आला. त्याने दक्षिणेला स्टाबिएकडे वळायला सांगितलं. वारा तिकडे नेणारा होता आणि परत येऊ न देणारा.

रात्री ८: साडेअकरा तास

थरात रंग बदलतो. पांढरा प्युमिस संपतो, करडा सुरू होतो. ज्वालामुखीच्या पोटात शिलारस थरांनी साचलेला होता: वर हलका, वायूने भरलेला, फिका, खाली जड, तप्त, गडद. वरचा आधी बाहेर पडला, मग खालचा. त्यामुळे शहरावर पडलेला थर पोटातल्या थराच्या बरोबर उलटा आहे. जे खोल होतं ते वर आलं.

खांब आता सुमारे ३२ किलोमीटरवर गेला. पण करडा शिलारस जड होता आणि बाहेर येण्याचा वेग जवळजवळ दुप्पट. इतक्या मालाला पुरेशी हवा मिसळली नाही, तर खांब भोवतालच्या हवेपेक्षा जड होतो आणि वर जायचं सोडून खाली कोसळतो. आतापर्यंत मरण वरून पडत होतं. आता ते आडवं येऊ शकणार होतं. खाली अंधारात बसलेल्यांना हा बदल कळण्याचा काहीच मार्ग नव्हता, आणि या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत असह्य वाटतं ते हेच.

शहराचा मोठा रस्ता, आज व्हिया देल्लाब्बोंदान्झा म्हणतात तो, याच प्युमिसखाली गेला होता. त्याच्या लगतच्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती होती, सुमारे २४ सेंटिमीटर उंच, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. ती १९३८ साली सापडली आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिला लक्ष्मी म्हणतात; काही अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण आणि तगरचा माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांच्या मुलखातली कारागिरी असा समुद्र ओलांडून एका रोमन घरात पोचली असणं अगदी शक्य आहे. भारताशी होणाऱ्या व्यापारात रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात अशी तक्रार थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गकोशात केलेली आहे. त्या रात्री तो इथून काही किलोमीटरवर स्टाबिएत, मित्राच्या घरी, सोबतच्यांचा धीर सुटू नये म्हणून स्नान करून जेवायला बसला होता. डोंगरावर जाळ दिसत होते. शेतकऱ्यांनी सोडून दिलेली घरं पेटली आहेत, असं त्याने घाबरलेल्यांना सांगितलं.

रात्री १: साडेसहा तास

खांब पहिल्यांदा कोसळला, आणि तो पश्चिमेकडे उतरला.

हर्क्युलेनियममध्ये दिवसभर फारसं काही पडलेलं नव्हतं. मात्र डोंगर समोर पेटलेला होता, म्हणून बरेच लोक आधीच गेले होते. जे उरले ते किनाऱ्यावर, होड्या ठेवायच्या कमानींत जमले होते. समुद्रातून सुटका येईल या आशेने. तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट काही मिनिटांत तिथे पोचला.

या गावात पूर्वी मोजकेच सांगाडे मिळाले होते आणि त्यावरून इथले सगळे सुटले असं मानलं जात होतं. १९८० पासून जुन्या किनाऱ्याचं उत्खनन झालं आणि त्या कमानींतून आणि वाळूतून तीनशेहून जास्त माणसं बाहेर आली. एका इमारतीत पलंगावर पडलेल्या तरुणाच्या कवटीत काचेसारखा काळा पदार्थ सापडला. तो त्याचा मेंदू होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की असा बदल व्हायला ५१० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता आणि नंतर झपाट्याने थंड होणं लागतं.

पुढच्या काही तासांत लोटामागून लोट आले आणि हर्क्युलेनियमवर सुमारे २० मीटर जाडीचा थर चढला. पोम्पेईत प्युमिस सैल, हाताने उपसता येण्याजोगा. हर्क्युलेनियमचा थर नंतर दगडासारखा घट्ट झाला. म्हणून तिथलं लाकूड, दारं, पाळणे, पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा होऊन का होईना टिकल्या. तिथलं उत्खनन आजही म्हणूनच अवघड आहे.

पहाटे: दोन-तीन तास

स्टाबिएत थोरल्या प्लिनीच्या खोलीबाहेरचं अंगण प्युमिसने इतकं भरलं की आणखी थोड्या वेळाने दार उघडलं नसतं. त्याला उठवलं. घरात थांबावं की उघड्यावर जावं यावर चर्चा झाली. घर भूकंपाने हलत होतं, बाहेर दगड पडत होते. त्यांनी डोक्याला उशा बांधल्या आणि किनाऱ्याकडे निघाले.

पोम्पेईत आता जवळपास २.८ मीटर प्युमिस होता. तळमजले बुडालेले. जे जिवंत होते ते वरच्या मजल्यांवर, किंवा प्युमिसवरून चालत वेशीकडे निघालेले. हे आपल्याला थरांमुळेच कळतं: या माणसांचे देह प्युमिसच्या वर आहेत. त्यांच्या पायांखाली अडीच मीटरहून जास्त खाली त्यांचा नेहमीचा रस्ता होता.

सकाळी ६:३०: एक तास

एक लोट पोम्पेईच्या उत्तर तटबंदीपर्यंत आला आणि तिथे थांबला. वेशीबाहेरच्या घरांत त्याचा थर आहे, शहराच्या आत नाही.

सकाळी ७:३०

पुढचा लोट थांबला नाही.

शहरात त्याने साचवलेली राख बहुतेक ठिकाणी फार जाड नाही. मारायला तेवढी पुरली. १,०४४ पैकी ६५० जण अशा राखेच्या थरांत आहेत, जवळपास निम्मे उघड्यावर. शहराच्या आग्नेय टोकाला, एका मळ्यात, १३ जण एकामागोमाग पडलेले सापडले, लहान मुलांसह. वेस त्यांना जवळच होती. इथे उष्णता हर्क्युलेनियमपेक्षा कमी असावी. २०२१ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की पोम्पेईवरून हा लोट सुमारे १७ मिनिटं वाहत राहिला. एवढा वेळ राखेने भरलेली हवा श्वासात घेऊन कुणीही वाचू शकलं नसतं. सतरा मिनिटं हाही क्षण नव्हे.

बारीक राख देहांभोवती घट्ट बसली, मग कडक झाली. देह नाहीसे झाले, पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतायला सुरुवात केली आणि माणसांचे आकार, कपड्यांच्या घड्या, चेहरे बाहेर आले. पोम्पेई म्हणताच आपल्याला आठवतात ते हे आकार. प्युमिसमध्ये मेलेल्यांचे असे आकार मिळत नाहीत. त्या सैल दगडांत पोकळी टिकत नाही, फक्त हाडं राहतात. म्हणून जे आदल्या संध्याकाळी छपराखाली मेले ते आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. सकाळी मेलेले तेवढे दिसतात, आणि सगळं एकाच क्षणी घडलं असा समज त्यातूनच पक्का होतो.

सकाळी ८ आणि पुढे

सर्वांत मोठा लोट नंतर आला. त्याची विरळ झालेली कड स्टाबिएपर्यंत गेली. किनाऱ्यावर कापडावर आडवा झालेला थोरला प्लिनी दोन गुलामांच्या आधाराने उठला आणि कोसळला. वय ५५ च्या पुढे, श्वासाचा त्रास आधीपासूनच. उजेड परतल्यावर त्याचा देह अंगावर जखम नसलेला मिळाला. खाडीपलीकडे मिसेनुमला समुद्र मागे हटलेला धाकट्या प्लिनीने पाहिला, काळा ढग पाण्यावरून येताना पाहिला, आणि आईचा हात धरून गर्दीसोबत गावाबाहेर पळाला. आईने त्याला मला सोड आणि तू जा म्हणून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. दोघंही वाचले.

पोम्पेईच्या अगदी वरच्या राखेत मटाराएवढ्या राखेच्या गोळ्या सापडतात. ओलसर ढगात राख कणाकणाने चिकटून त्या बनतात. शिलारस बराच संपला, पोट रिकामं झालं आणि त्यात भूजल शिरलं, हे त्या गोळ्या सांगतात. शहरावर एकूण चार ते सहा मीटर जाडीचं आवरण तयार झालं होतं.

आज

डोंगर थांबला नाही. १६३१ मध्ये तो पुन्हा मोठ्याने फुटला, हजारो माणसं मेली. त्यानंतर तीन शतकं त्याचं तोंड बहुधा उघडंच होतं. वायू सुटत राहिला आणि तो कधी लाव्हा, कधी राख असे थर उतारांवर चढवत राहिला. मार्च १९४४ मधला लाव्हा सान सेबास्तियानो गावाच्या घरांतून गेला. तो या थरांमधला शेवटचा. तेव्हापासून तोंड बंद आहे, आणि बंद तोंडाचा व्हेसुव्हियस काय करू शकतो हे वर आलंच आहे.

१८४१ मध्ये त्याच्या उतारावर जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. तिच्याकडे आज भूकंपमापक आहेत, जमिनीचा फुगवटा मोजणारी उपकरणं आहेत, वायूंचं पृथक्करण आहे. इटलीच्या आपत्ती-योजनेत डोंगराभोवतीचा लाल पट्टा आखलेला आहे. त्यात २५ नगरपालिका आणि जवळपास सात लाख माणसं येतात. धोक्याचा अंतिम इशारा दिल्यावर त्यांना बाहेर काढायला ७२ तास धरले आहेत: १२ तास तयारीला, ४८ प्रवासाला, १२ राखीव. पट्ट्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात राखेचे लोट पोचू शकतात. दुसऱ्या भागात वरून पडणाऱ्या दगड-राखेच्या वजनाने छपरं कोसळू शकतात. दोन्ही भागांच्या सीमा ठरवताना जुन्या उद्रेकांचे थर कुठपर्यंत आणि किती जाड पसरले होते, याची मोजमापं वापरलेली आहेत.